उशीचा शेला

ऑक्टोबर महिन्याला मुंबईत कोणी वाली नाही. पावसाचं कौतुक करणारे पुष्कळ. थंडी चार दिवसांसाठी आली तरी तिचे लाड होतात. उन्हाळ्याला निदान आंबे तरी आहेत. ऑक्टोबरच्या वाट्याला मात्र नुसत्या शिव्या. मानेभोवती ओला रुमाल ठेवून माणसं रस्त्याने जातात आणि ओळखीचं कोणी भेटलं की, काय हा उकाडा, एवढंच म्हणून पुढे सरकतात. मला हा महिना आवडतो. कोणाला सांगत नाही, कारण ऐकणारा वेड्यात काढतो. पण पावसाने धुऊन निघालेल्या आभाळातून ते जाड, पिवळं ऊन दुपारी खिडकीतून आत येतं, लादीवर पसरतं, आणि माझं हातातल्या कामावरचं लक्ष उडतं. भाजी चिरता चिरता मी थांबते. काहीतरी ऐकायचं राहून गेलंय असं वाटत राहतं.

परवा ते ऐकू आलं. माहीमला आमच्या घराखालच्या गल्लीतून पिंजारी चालला होता. हल्ली तो फारसा दिसत नाही. खांद्यावर लांबलचक लाकडी पिंजण, तिची ताणलेली तात मधूनच बोटाने छेडायची, आणि कापूस पिंजणारा आलाय हे लोकांनी त्यावरून ओळखायचं. तोंडाने हाक मारायची गरज नाही. टणंग, टणंग. मी खिडकीशी पोचेपर्यंत तो कोपऱ्यावरून वळलासुद्धा. थांबला असता तरी त्याला देणार काय होते मी? आमच्याकडे कापसाची उशी एकही नाही. नवऱ्याने हौसेने मागवलेल्या फोमच्या उशा आहेत. त्यांच्या नावात म्हणे मेमरी आहे. प्रत्यक्षात डोकं उचललं की होती तशी गुळगुळीत. रात्रभर कोण निजलं होतं, कुठल्या कुशीवर निजलं होतं, काही म्हणून तिच्या लक्षात राहत नाही.

कापसाची उशी तशी नसते. ती सगळं धरून ठेवते आणि त्यातच तिचं वाटोळं होतं. वर्षभर डोकी पेलून पेलून ती मध्ये बसते, कडेला तिच्या गाठी होतात, पावसाळ्यात ओल धरून ती आणखी जड होते. मग ऑक्टोबरात पिंजारी येतो आणि तिला ते सगळं विसरायला लावतो.

परळच्या आमच्या चाळीत तो यायचा तेव्हा शाळेला सहामाहीची सुट्टी लागलेली असायची. गच्चीवर घरोघरच्या गाद्या उन्हात पसरलेल्या, कोणाची कुठली ते पट्ट्यांवरून ओळखायचं. पिंजारी पाण्याच्या टाकीच्या आडोशाला जुनी साडी बांधून बसायचा, वाऱ्याने कापूस उडू नये म्हणून. तरी तो उडायचाच. मळकट, दबलेला गठ्ठा त्या तातेखाली गेला की बघता बघता त्याचा ढीग व्हायचा, आणि एवढा कापूस एवढ्याशा उशीत मावला कसा होता असं वाटायचं. जिन्यात कापूस, वरणात कापूस, आमच्या वेण्यांत कापूस. बाबा तेव्हा कापडगिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. पाळी संपवून ते घरी आले की त्यांच्याही भुवयांवर पांढरे तंतू असायचे. त्या दिवसांत आमच्या घरात सगळ्यांच्याच डोक्यावर कापूस असे आणि कोणाचा कुठून आला हे सांगता येत नसे.

आई शिवणकाम करायची. खिडकीखाली तिचं काळं पायमशीन होतं. चाळीतले निम्मे ब्लाउज त्याच्यावरून गेलेले. उशांचे अभ्रे मात्र ती पिंजारी येऊन गेल्याशिवाय शिवायला घेत नसे. माप घ्यायचं ते फुगलेल्या उशीचं, हा तिचा नियम. आधी माप घेतलेला अभ्रा नंतर चढतच नाही, आणि चढवलाच तर उशी बिचारी घुसमटते, असं ती म्हणायची.

आणि तिच्याकडे शेले होते. तो शब्द तिचाच. आमच्या घरात उशा मोजक्या आणि अभ्रे रोजचे, धुऊन धुऊन विटलेले. अवचित पाहुणे यायचे झाले की अभ्रे बदलण्याची चैन आम्हाला नव्हती. म्हणून तिने ब्लाउजच्या उरलेल्या तुकड्यांचे रुंद पट्टे केले होते, त्यांवर मशीनने फुलं काढली होती. पट्टा उशीच्या पोटाभोवती गुंडाळायचा आणि पाठीमागे बटणं लावायची. झाली उशी पाहुण्यांपुढे यायला तयार. पाहुणे जिना उतरले की शेला सोडायचा, झटकायचा आणि घडी करून ट्रंकेत टाकायचा. मला बघायला मंडळी आली होती त्या दिवशी खाटेवरच्या उशा माझ्यापेक्षा जास्त नटल्या होत्या. होणाऱ्या सासूबाईंनी मुलीला प्रश्न कमी विचारले आणि शेला उलटा करून पाठीमागचे टाके जास्त बघितले. पसंती बहुतेक त्यावरच झाली असावी, असं आमचे दादा अजून चिडवतात.

आई गेली ती आषाढात. फार दिवस अंथरुणावर नव्हती. बरं नाही म्हणाली आणि आठवड्याभरात गेली. गावाहून आलेल्या माणसांनी रीतीप्रमाणे तिचं अंथरूण-पांघरूण बाहेर काढायला सांगितलं. बाबांनी गादी दिली, वाकळ दिली, चादरी दिल्या. उशी दिली नाही. कोणी काही म्हणायच्या आत त्यांनी ती उचलली आणि आपल्या लोखंडी खाटेवर भिंतीच्या बाजूला ठेवली. का, ते बोलले नाहीत. ते तसेही बोलत नाहीत. गिरणीत साच्यांच्या आवाजात उभा जन्म गेल्यामुळे त्यांना खुणांनी बोलायची सवय, आणि खुणाही आता कमी झालेल्या.

दुसऱ्या दिवशी मी खाटेशी बसले होते तेव्हा मला ते दिसलं. उशीच्या मधोमध एक खळगा होता. पसरट, एका बाजूला जरा खोल. आई डाव्या कुशीवर निजायची. निळ्या पट्ट्यांच्या त्या जाड गादीपाटावर, म्हणजे उशीच्या खोळीवर, तिच्या तेलाचा डागही होता, पण डाग कुठेही असतात. हा खळगा तिच्या डोक्याचा होता. एवढी मोठी बाई, जिने आम्हाला वाढवलं, जिच्या आवाजाने मजला जागा व्हायचा, तिच्यातलं आता जगात उरलेलं एवढंच, असं मला त्या क्षणी वाटलं. मी त्यात हात घालून पाहिला नाही. बोट लावलं तर बुजेल अशी भीती वाटली. बाबांनी उशी का ठेवली हे मला तेव्हाच कळलं, असं मी मनाशी ठरवून टाकलं आणि घरात सगळ्यांना ताकीद दिली, या उशीला कोणी हात लावायचा नाही.

त्याच ऑक्टोबरात चाळ खाली करायची होती. मागच्या बाजूला उभ्या राहिलेल्या टॉवरच्या चाव्या मिळाल्या होत्या आणि दिवाळीच्या आत सगळ्यांनी जायचं ठरलं होतं. वरळीच्या बीडीडी चाळीतून आमचे मामा आधीच तसल्या एका इमारतीत गेले होते. त्यांनी एकच सल्ला दिला, ढेकूण घेऊन जाऊ नका. हा सल्ला चाळभर पसरला आणि लोक पेटलेच. लाकडी खाटांवर उकळतं पाणी ओतलं जाऊ लागलं. गाद्या, गोधड्या, तक्के, लोड, जे म्हणून कापसाचं होतं ते वरच्या मजल्यांवरून खाली चौकात येऊन पडू लागलं. काहीजण गाद्या उसवून कापूस पिंजून घेत होते, नव्या खोळीत नवी गादी. काहींनी त्या तिथेच टाकून पाठ फिरवली. एरवी वर्षातून एखादी फेरी मारणारा पिंजारी त्या महिन्यात चौकातच मुक्काम ठोकून होता.

दादा आणि वहिनी बाबांबरोबर राहणार होते. वहिनी नीटनेटकी बाई आहे आणि नव्या घराचं तिला अप्रूप होतं. का नसावं? लग्न झाल्यापासून ती त्या एका खोलीत पडदा लावून राहिली. तिने सोफा बुक केला होता. जुनं अंथरूण घरात येणार नाही हे तिने सगळ्यांना सांगितलं होतं. उशीचा विषय निघाला तेव्हा मात्र ती अडखळली. आईंची उशी टाका असं तिच्या तोंडातून येईना, आणि तो तेलकट डाग नव्या सोफ्यावर तिच्या डोळ्यांपुढून जाईना. शेवटी तीच मला म्हणाली, "ताई, तुम्ही तिला आईंच्या शेल्यासारखं काहीतरी छान करा ना. मग आपण ती सोफ्यावर ठेवू. सगळ्यांत पुढे."

मला ते पटलं. माझ्या मनात त्याहून एक जास्तीचं होतं. सामान हातगाडीवर चढणार, दोऱ्या आवळल्या जाणार, उशीवर कोणी भांड्यांचं खोकं ठेवणार, आणि टॉवरमध्ये पोचेपर्यंत तो खळगा गेलेला असणार. रुंद शेला, आतून अस्तर दिलेला, उशीच्या मापाला बरोबर बसणारा असा केला, तर आतला कापूस जागचा हलणार नाही. आईच्या डोक्याची जागा जशीच्या तशी नव्या घरात जाईल. मी शोभेसाठी शिवत नव्हते. मला ती जागा हवी होती, बाकी काही नको होतं.

तर अशा रीतीने त्या ऑक्टोबरात दर शनिवार-रविवारी मी माहीमहून परळला जात राहिले. आईचं मशीन टॉवरमध्ये जाणार की नाही ते ठरलं नव्हतं. ते खिडकीखालीच होतं, भोवतालचं घर मात्र दर आठवड्याला थोडं थोडं कमी होत होतं. आधी फळीवरचे पितळी डबे गेले, मग आरसा. भिंतीवर आरशाच्या आकाराचा एक स्वच्छ चौकोन उरला.

माप मी टेप सैल धरून घेतलं. दाबायचं नाही, फुगवायचं नाही, आहे तसं. शेजारच्या सावंत काकी दारात उभ्या राहून बघत होत्या. त्या आईच्या मैत्रीण, आईचे नियम त्यांना पाठ. पिंजायच्या आधी कोण माप घेतं गो, असं त्यांनी विचारलंच. ही उशी पिंजायची नाहीये, असं मी सांगितलं. त्यांनी खाटेकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं आणि पदर खोचून निघून गेल्या. बाबा पेपर वाचत होते. पेपर कालचा होता.

कापड ट्रंकेतच मिळालं, मोतिया रंगाचं केसमेंट, आईने कशासाठी तरी आणून ठेवलेलं. फूल कुठलं काढायचं याचा विचारही करावा लागला नाही. आई अबोली माळायची. अडचण दोऱ्याची झाली. दादरला दोऱ्यांच्या दुकानात मी अबोली रंग मागितला तर मालकाने माझ्यापुढे पीच ठेवला, मग सॅलमन, मग ऑरेंजमधला लाइट. ताई, शेड नंबर सांगा, एवढंच तो म्हणत राहिला. अबोलीला नंबर कसला? ती केशरीही नाही आणि गुलाबीही नाही, दोघींच्या मध्ये कुठेतरी गप्प बसलेली आहे. शेवटी मी दुकानातून उतरले, फूलबाजारात गेले, अबोलीचा एक गजरा घेतला आणि परत येऊन तो काउंटरवर ठेवला. मालक हसला. मग आम्ही दोघांनी मिळून रिळं लावून लावून पाहिली, दारातल्या उजेडात, ट्यूबलाइटच्या उजेडात. मिळाला शेवटी. घरी येईपर्यंत गजरा मान टाकून बसला होता, पण रंग हाताशी आला होता.

नक्षी उतरवण्याची आईची पद्धत जुनी. बटरपेपरवर चित्र काढायचं, रेषांवरून सुईने बारीक भोकं पाडायची, कागद कापडावर ठेवायचा आणि रॉकेलात कालवलेली नीळ बोळ्याने वरून फिरवायची. कागद उचलला की खाली निळ्या ठिपक्यांची फुलं. रॉकेल आता कुठे मिळतं? मी टर्पेंटाइन वापरलं. वास वेगळा आला आणि खोलीत काहीतरी चुकल्यासारखं झालं. माझ्या लहानपणाला रॉकेलचा वास आहे, काय करणार.

मग ते काम सुरू झालं, जे मी शाळेत असताना शिकले आणि बँकेत लागल्यावर सोडून दिलं. मशीनचा कापड दाबणारा फूट काढून ठेवायचा. खालच्या दात्यांवर पत्रा बसवायचा, म्हणजे कापड पुढे ओढलं जात नाही. कापड लाकडी रिंगमध्ये ताणायचं आणि ती रिंग दोन्ही हातांनी सुईखाली फिरवायची. सुईला फक्त वरखाली करणं ठाऊक, फूल काढायचं ते हातांनी. पाय एका लयीत राहिले नाहीत तर सुई मोडते. पहिल्या दिवशी मोडल्याच. दुसऱ्या खेपेला पायांना काहीतरी आठवलं. पाकळीच्या कडेकडून आत, पुन्हा कडेला, पुन्हा आत, टाक्याला टाका लागून. थोड्या वेळाने मी फूल काढतेय हेही विसरायला झालं. खडखड खडखड, खिडकीतून तापलेला वारा, चौकातून टणंग टणंग, आणि त्या उन्हात तरंगत येणारा कापूस. कोणाकोणाच्या गाद्यांमधला तो कापूस, चाळीतली किती माणसं त्यावर निजली, आजारी पडली, बाळंत झाली. तो वर चढत यायचा, खिडकीत जरा थांबायचा आणि हलकेच माझ्या रिंगवर उतरायचा. फुंकरीने उडाला तर उडाला. काही तंतू टाक्यांखाली गेले ते गेलेच. काढायला गेलं तर दोरा विस्कटला असता, म्हणून राहू दिले.

त्या दुपारी आठवतात त्या मला एकामागून एक अशा आठवत नाहीत. एकच एक लांब दुपार आठवते, तिच्यात मी वाकून बसलेली आहे आणि कोणीतरी मागे स्टोव्ह पेटवतंय. कधी वाटायचं, मान वळवली तर आई दिसेल. मान वळवायची मात्र सोय राहिली नव्हती, इतकी ती अवघडून जायची. घरी येऊन मी गरम पाण्याची पिशवी घ्यायची. नवरा म्हणायचा, कशाला जीवाला त्रास करून घेतेस, बाजारात हवी तेवढी कुशन कव्हरं मिळतात. मला आतून बरंच वाटायचं. आईची मानही अशीच दुखायची. सकाळी उठली की डावा हात मानेवर ठेवून ती दोन मिनिटं अंथरुणातच बसून राहायची. आम्ही सगळे म्हणायचो, मशीनवर वाकून वाकून दुखते. आता तेच दुखणं माझ्याकडे आलं, याचा मला अभिमान वाटत होता.

फुलं मी दोन्ही बाजूंना काढली, दोन भरगच्च झुपके, आणि मधला भाग कोरा ठेवला. तिथे तो खळगा येणार होता. तिच्या गालाला दोरा टोचायला नको, असा काहीसा तो विचार होता. गेलेल्या माणसाच्या गालाला काय टोचणार, हे मला कळत होतं. तरी मी तिथे एक टाका घातला नाही.

बाबा सगळं बघत होते. खाटेच्या कडेला बसून, हात गुडघ्यांवर. एकदोनदा त्यांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं असं वाटलं, पण मशीन चालू होतं आणि मी पाय थांबवला नाही. एकदा ते उशी मांडीवर घेऊन बसलेले दिसले. मी बघतेय हे लक्षात येताच त्यांनी ती अलगद जागेवर ठेवली. मला भरून आलं. आम्ही दोघंही एकच गोष्ट जपतोय, असं मला वाटलं आणि त्या दिवशी मी एक झुपका पुरा करूनच उठले.

शेवटच्या आठवड्यात शनिवारी मला जमलं नाही. रविवारी जाऊन खाटेकडे पाठ करून मी अस्तर लावलं, काजं केली, बटणं शिवली. घर जवळजवळ रिकामं होतं. मशीन, खाट, पाण्याचं पिंप आणि बाबा. दादा-वहिनी टॉवरमध्ये पडदे लावायला गेले होते. शेला इस्त्री करून हातावर घेतला तेव्हा तो खरोखर सुंदर दिसत होता, माझंच काम आहे म्हणून सांगत नाही. मी खाटेकडे वळले.

भिंतीच्या बाजूला उशी होती. उंच, गुबगुबीत, टोकं ताठ. गादीपाट तोच, निळे पट्टे तेच, डागही तोच. खळगा नव्हता.

मला आधी वाटलं, ही दुसरी कुठली तरी. मग मी बाबांकडे पाहिलं. ते म्हणाले, "पिंजून घेतलंय गो. काल पिंजारी वर इलेलो."

मी काय काय बोलले ते सगळं आता आठवत नाही. एवढे रविवार मी इथे बसून काय करत होते, तुम्हाला दिसत नव्हतं का, निदान विचारायचंत तरी, असलं बरंच काही. आवाज चढला असावा, कारण सावंत काकी दारापर्यंत येऊन परत गेल्या. शेवटी माझ्या तोंडून एवढंच निघालं, "आईचं डोकं होतं त्यात, बाबा."

बाबा उशीकडे वळले. मग ते बोलले, आणि इतकं सलग बोलताना मी त्यांना फार वर्षांत ऐकलं नव्हतं.

"तुझी आवस दर वर्साक सांगी, सगळ्यांच्या उशी झाल्यो, आता माझी तेवढी पिंजून आणा. दगड झाली हा, मान धरता. गच्चीर तिची पाळी कधी येवक नाय. पिंजाऱ्याचा दुकान माझ्या वाटेर होता. मी आपलो म्हणत रवलंय, फुडल्या वर्साक."  उशीवरून त्यांनी हात फिरवला. "तुका त्या खळग्यात आवस दिसा होती. माका तिची दुखरी मान दिसा होती. रोज."

मी खाटेवर बसले. डावा हात मानेवर ठेवून अंथरुणात बसलेली आई माझ्या डोळ्यांसमोर आली. मशीनने दुखते, असं आम्ही तिला तिच्या तोंडावर सांगायचो आणि ती हो म्हणायची. आमच्या उशा पिंजून यायच्या, बाबांची यायची. तिची राहायची. मी ज्याला जपत होते, ज्याच्या मापाचा मी शेला केला, ज्याला दोरा टोचू दिला नाही, ते तिचं रोजचं दुखणं होतं. त्या एका खोलीत लहानाची मोठी होऊनही मला ते ठाऊक नव्हतं. बाबांना ठाऊक होतं आणि त्यांनी ते पुढच्या वर्षावर टाकलं होतं. कोणाचं जास्त वाईट हे मला ठरवता येईना. माझा राग कुठे गेला ते कळलं नाही.

काहीतरी करायचं म्हणून मी शेला उशीभोवती गुंडाळला. पाठीमागे बटणं काजांपर्यंत पोचली नाहीत. चांगली चार बोटं जागा राहिली. मी उशी दाबून दोन्ही टोकं जवळ आणू लागले, तसा बाबांनी माझा हात धरला. आवळू नको, म्हणाले. मागे साधी पट्टी जोडून घे, घाई नाही. मग शेल्याच्या दोन झुपक्यांमधल्या कोऱ्या कापडावर ते बोट फिरवत राहिले. तिथे काही का नाही काढलं, असं त्यांनी विचारलं नाही.

चौकातला आवाज थांबला होता. पिंजारी जेवायला गेला असावा. खोलीत ऊन होतं आणि त्यात अजून थोडे तंतू तरंगत होते, खाली यायची त्यांना काही घाई नव्हती.

बाबांनी उशी खाटेच्या मधोमध ठेवली, दोन्ही हातांनी थोपटली आणि मला म्हणाले, "जरा आडवी हो गो. माका सांग, मान धरता काय?"

मी डाव्या कुशीवर झाले. उन्हात वाळलेल्या कापसाचा वास आला. डोकं आत गेलं, पण कुठे टेकलं नाही, जिथे गेलं तिथे अलगद धरलं गेलं. महिनाभराची माझी अवघडलेली मान सैल झाली. इतकी मऊ उशी आमच्या घरात होती आणि ती आईच्या डोक्याखाली एक रात्रही गेली नाही. माझ्या डोळ्यांतून पाणी येऊन गादीपाटावर पडू लागलं आणि मी ते पुसलं नाही.

"नाही धरत, बाबा," मी म्हटलं.

"खरा?"

"खरंच नाही धरत."

त्यांनी मान हलवली. मग ते वळून मोरीत गेले आणि पडदा ओढून घेतला. पिंपातून तांब्या भरल्याचा आवाज आला, ओतल्याचा आला. पुन्हा भरला, पुन्हा ओतला. बराच वेळ ते तोंड धूत राहिले. पाणी दुसऱ्या दिवशी सकाळी यायचं होतं आणि पिंप अर्धंच होतं.